अंजिराला पिशवी लावायची तर आधी थंड करा: एमएपी पॅकिंगबद्दल सविस्तर

दिवेघाट

अंजिराचा हंगाम जवळ आला की आमच्या पुरंदरच्या शेतकरी गटांवर एक प्रश्न हमखास फिरायला लागतो: "ती अंजीर टिकवायची पिशवी कुठे मिळते?" पिशवी मिळते. पण ती आणली, पहाटे तोडलेलं फळ उन्हं वर आल्यावर त्यात भरलं, सील मारलं आणि टेम्पोत टाकलं, तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. मग "ते सगळं फसवं आहे" असा निकाल लागतो आणि एक चांगलं तंत्र बदनाम होतं. मी फळांच्या पॅकहाऊसमध्ये काम करतो, घरची अंजिराची बागही आहे, म्हणून दोन्ही बाजू धरून लिहितो आहे. लांबेल, पण नेटाने वाचा.

अंजीर किती नाजूक हे इथल्यांना सांगायला नको. साल पातळ, डोळ्यापाशी ओलावा, पिकलं की उकलतं आणि उकललं की बुरशी. अंजीर कच्चं तोडून नंतर पिकवता येत नाही. कच्चं तोडलं तर देठाला चीक येतो आणि गोडी येतच नाही. त्यामुळे झाडावरच पिकवायचं आणि मग घड्याळाशी शर्यत लावायची. पाटीत अंजिराचीच पानं घालून फळ पुण्याच्या गुलटेकडी बाजारात पोचवायचं, त्याच दिवशी विकायचं, भाव पडला तरी विकायचं. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने फळ एक तासही जास्त टिकत नाही. आडत्याला कळतं की हा माल परत नेता येणार नाही, आणि भाव तिथेच ठरतो. फळाला चार दिवस जास्त मिळाले तर शेतकऱ्याला "आज नाही देत" म्हणता येईल. मला या विषयाची एवढी कळकळ आहे ती यासाठी.

आता पिशवी काय करते ते बघू.

तोडलेलं फळ जिवंत असतं. ते ऑक्सिजन घेतं, साखर जाळतं, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता सोडतं. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के. फळ बंद पिशवीत ठेवलं की ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, आणि फळाचं श्वसन मंदावतं. कार्बन डायऑक्साइड 15 टक्क्यांच्या आसपास गेला की राखाडी बुरशीची वाढही दबते. पिशवीची फिल्म दोन्ही वायू थोडे थोडे आतबाहेर जाऊ देते, त्यामुळे एका जागी तोल साधतो. मॉडिफाइड अ‍ॅटमॉस्फिअर पॅकेजिंग, म्हणजे एमएपी, ते हेच. पिशवीत कसलंही औषध नसतं. आतली हवा फळच तयार करतं, फिल्म फक्त तिला आवर घालते.

अंजिरासाठी शिफारस अशी: तापमान 0 अंशाच्या आसपास, आर्द्रता 90 ते 95 टक्के, ऑक्सिजन 5 ते 10 टक्के, कार्बन डायऑक्साइड 15 ते 20 टक्के. नुसत्या थंडीत अंजीर एक ते दोन आठवडे टिकतं. या हवेत तीन ते चार आठवडे दिसायला चांगलं राहतं. "दिसायला" म्हणालो ते मुद्दाम, कारण फार लांबवलं तर अंजिराची खास चव उतरते. ऑक्सिजन 2 टक्क्यांच्या खाली गेला किंवा कार्बन डायऑक्साइड 25 च्या वर गेला, तर फळ आतल्या आत आंबायला लागतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. अंजिराचं श्वसन 0 अंशाला किलोमागे तासाला 2 ते 4 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड इतकं असतं, 20 अंशाला 20 ते 30. म्हणजे आठ-दहा पट. अर्धा किलो अंजीर घ्या, पिशवीत फळाभोवती एक लिटर मोकळी जागा धरा. त्यात ऑक्सिजन 210 मिलिलिटर. पिशवी पूर्ण हवाबंद असेल तर 20 अंशाला फळ तासाला साधारण साडेबारा मिलिलिटर ऑक्सिजन खातं, म्हणजे सतरा तासांत सगळा संपला. 0 अंशाला तोच साठा जवळपास सहा दिवस पुरतो.

फिल्म यात तुमच्या मदतीला धावत नाही. तापमान वाढलं तर फिल्ममधून वायू जाण्याचा वेग थोडा वाढतो, लेसरने पाडलेल्या सूक्ष्म भोकांतून जाण्याचा तर जवळपास वाढतच नाही. फळाची भूक दहापट झाली आणि दार तेवढंच राहिलं. म्हणून 2 अंशासाठी निवडलेली पिशवी 28 अंशाच्या टेम्पोत उलटते.

तेव्हा क्रम असा: उजाडायच्या आत तोडणी, सावलीत प्रतवारी, लगेच प्रीकूलिंग (म्हणजे पॅकिंगआधी फळ झटपट थंड करणं), फळाचा गाभा थंड झाल्यावरच पिशवी. गरम फळ पिशवीत भरून मग शीतगृहात ठेवलं तर आतून पाणी सुटतं, थेंब फळावर पडतात, आणि ज्या बुरशीला रोखायचं तिलाच ओल मिळते.

प्रश्न विचारा. फिल्म कुठली घ्यायची यावर स्वतंत्र प्रतिसाद लिहितो.

---

भिलारकर

दादा, छान लिहिलंय. आमच्याकडे स्ट्रॉबेरी. पनेटच्या, म्हणजे फळ भरायच्या प्लास्टिकच्या छोट्या डबीच्या, झाकणाला आणि तळाला भोकं असतात, मग यात वातावरण कसं टिकणार? एका पॅकिंगवाल्याने आम्हाला "एमएपी पनेट" म्हणून नेहमीचंच भोकंवालं पनेट जास्त दराने दिलं होतं.

---

दिवेघाट

@भिलारकर, बोटाएवढ्या भोकांच्या पनेटला एमएपी म्हणताच येत नाही. ती भोकं थंड हवा आत खेळवण्यासाठी असतात आणि त्या कामाला ती हवीतच. वातावरण हवं असेल तर पनेटवर बाहेरून वेगळं आवरण लागतं.

स्ट्रॉबेरीची गरज अंजिरासारखीच: 0 अंशाच्या जवळ तापमान, ऑक्सिजन 5 ते 10, कार्बन डायऑक्साइड 15 ते 20. फक्त तिचा श्वास अंजिरापेक्षा फार जोरात चालतो. 0 अंशाला किलोमागे तासाला 6 ते 10 मिलिलिटर, 20 अंशाला 50 ते 100. चूक सहन करायची तिची ताकद त्याच मानाने कमी.

आता फिल्मबद्दल, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात.

साध्या पॉलिथिनमधून कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनच्या तिप्पट ते पाचपट वेगाने बाहेर जातो. चौपट धरा. ऑक्सिजन 21 वरून 5 वर आणला, म्हणजे 16 ने उतरवला, तर कार्बन डायऑक्साइड त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणजे 4 टक्क्यांच्या आसपास साठतो. केळ्याला हे जमतं, कारण केळ्याला दोन्ही वायू 2 ते 5 टक्के लागतात. आंब्यालाही थोडंफार जवळ जातं. पण अंजीर आणि स्ट्रॉबेरीला 15 टक्के कार्बन डायऑक्साइड हवा. साध्या पॉलिथिनमध्ये तो गाठायला गेलात तर ऑक्सिजन आधीच संपतो.

म्हणून या फळांना सूक्ष्म छिद्रांची फिल्म. छिद्रं साधारण केसाच्या जाडीची, लेसरने पाडलेली. छिद्रातून दोन्ही वायू जवळपास सारख्याच वेगाने जातात, त्यामुळे आतल्या ऑक्सिजनची आणि कार्बन डायऑक्साइडची बेरीज 21 च्या आसपास राहते. कार्बन डायऑक्साइड 15 झाला तर ऑक्सिजन 6. नेमकं हवं तेच. छिद्रं किती ते पिशवीत फळ किती आणि तापमान किती यावर ठरतं. विक्रेत्याला हे तीन आकडे विचारा: कुठल्या फळासाठी, किती किलोसाठी, किती अंशासाठी. तिन्हीचं उत्तर "सगळ्याला चालते" असं आलं तर ती पिशवी घेऊ नका.

---

पॅसिफिक_किनारा

मी मूळची वाईची, सध्या कॅलिफोर्नियात, स्ट्रॉबेरीच्या पट्ट्यातल्या एका कूलिंग केंद्रात गुणवत्ता तपासते. भिलारकर दादांच्या प्रश्नावर इथली पद्धत सांगते.

इथे फळ शेतातच थेट पनेटमध्ये भरतात, दुसऱ्यांदा हात लागत नाही. ट्रक केंद्रावर आला की पहिलं काम थंड करणं. पनेटच्या आणि ट्रेच्या भोकांतून मोठ्या पंख्यांनी थंड हवा खेचतात. फळाचा गाभा 0-1 अंशाला आला की मगच पुढचं. मग आख्ख्या पॅलेटवर, म्हणजे फळीवर रचलेल्या ट्रेंच्या थप्पीवर, वरून मोठी प्लास्टिकची पिशवी चढवतात, तळाच्या शीटला ती चिकटवून सील करतात, थोडी हवा ओढून घेतात आणि नळीने कार्बन डायऑक्साइड सोडतात. पिशवीत साधारण 10 ते 15 टक्के. मग पॅलेट रीफर (शीत) ट्रकमध्ये चढतं आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला निघतं. दुकानाच्या गोदामात पोचलं की पिशवी फाडतात.

एका एका पनेटला महागडी फिल्म लावायची गरज पडत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एक प्रीकूलिंग केंद्र आणि पॅलेटच्या पिशव्या एवढं केलं तर लांबच्या बाजाराला ते लागू पडेल असं मला मनापासून वाटतं.

---

दिवेघाट

@पॅसिफिक_किनारा ताई, फार मोलाची माहिती. यात एक बारकावा आहे तो सगळ्यांनी लक्षात घ्या: त्यांनी वायू बाहेरून सोडला, फळाने तयार करण्याची वाट पाहिली नाही. वर दिलेलं गणित परत करा. 0 अंशाला अर्धा किलो अंजीर तासाला दीड मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. एक लिटर जागेत 15 टक्के म्हणजे 150 मिलिलिटर. भोकांतून गळणारा धरलाच नाही तरी शंभर तास लागले. चार दिवस! अंजिराच्या आयुष्याचा मोठा तुकडा वातावरण तयार होण्यातच गेला. म्हणून थंड फळ आणि आधीच वायू भरलेली पिशवी, हीच अंजिराची खरी जोडी. ज्यांच्याकडे वायू भरायची सोय नाही त्यांना फिल्मचा फायदा होतो, पण तो बराचसा ओलावा टिकण्याचा आणि उशिरा सुरू होणारा.

---

सांगोल्याची_माती

आमच्या डाळिंबाचं काय? निर्यातदार 4-5 किलोच्या खोक्यात आतून पिशवी लावतात. भगवा जातीच्या डाळिंबाला तिचा फायदा होतो असं दिसतं, पण तुम्ही म्हणता तसं 15 टक्के वगैरे कुणी मोजताना बघितलं नाही.

---

दिवेघाट

@सांगोल्याची_माती, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. डाळिंबाचा श्वास संथ असतो. त्याचं दुखणं वेगळं: सालीतून पाणी उडतं. साल कडक दिसते म्हणून लक्षात येत नाही, पण वजनात तूट येते, साल आकसते, कोपरे उठून दिसतात, आणि आत दाणे उत्तम असूनही गिऱ्हाईक फळ उचलत नाही. डाळिंबाच्या पिशवीचं पहिलं काम ओलावा धरणं, वायूचं काम त्याच्या मागून.

आणखी एक फरक. अंजिराला 0 अंश चालतं, डाळिंबाला नाही. 5 अंशाच्या खाली जास्त दिवस ठेवलं तर सालीवर खड्डे-डाग येतात आणि दाण्यांमधले पांढरे पडदे तपकिरी होतात. म्हणून 5 ते 7 अंश. केळं तर 13 अंशाच्या खाली नेलं की सालीचा रंग मळतो आणि ते नीट पिकत नाही. प्रत्येक फळाची थंडी वेगळी, म्हणून पिशवीही वेगळी.

सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि अपेडा (शेतमाल निर्यातीला चालना देणारी केंद्र सरकारची संस्था) यांनी भगव्याच्या साठवणीवर मिळून काम केलं आणि 2025 मध्ये न्हावाशेवाहून समुद्रमार्गे डाळिंब न्यूयॉर्कला पोचलं. पाच आठवड्यांचा प्रवास. विमानाचं भाडं वाचणं ही आपल्या शेतकऱ्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे!

---

जुनं_पान

थोडा इतिहास जोडतो. 1821 साली फ्रान्समध्ये माँपेलिएच्या बेरार यांनी दाखवलं की ऑक्सिजन नसेल तर फळ पिकत नाही. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं व्यापारात त्याचा फारसा उपयोग झाला नाही. 1920 च्या दशकात केंब्रिजच्या किड आणि वेस्ट यांनी सफरचंदावर पद्धतशीर काम केलं आणि 1929 मध्ये केंट परगण्यात व्यापारी तत्त्वावरचं पहिलं "गॅस स्टोअर" उभं राहिलं. तिथे आख्खी खोलीच हवाबंद. पिशव्यांचं युग पॉलिथिन आल्यावरचं.

---

अबोली_७

मी पुण्यात राहते, शेतकरी नाही, फक्त खाणारी. दोन प्रश्न. हा वायू भरलेलं फळ मुलांना द्यायला सुरक्षित आहे ना? आणि फळांच्या खोक्यात कधी कधी जांभळ्या दाण्यांची पुडी असते ती कसली?

---

दिवेघाट

@अबोली_७ ताई, वायू तेच जे आपण रोज श्वासातून आत घेतो आणि बाहेर सोडतो. पिशवी उघडली की निघून जातात, फळात त्यांचा काही अंश उरत नाही. पण वास घ्यायची सवय ठेवा. पिशवी उघडल्यावर क्षणभर कोंदट वाटलं तर पाच मिनिटं उघडं ठेवा. त्यानंतरही दारूसारखा किंवा आंबूस वास राहिला तर ते फळ आत गुदमरलेलं आहे, ते परत करा.

चिरलेल्या फळाबाबत मात्र जास्त जागरूक राहा. कलिंगड, खरबूज यांना आंबटपणा कमी, आणि लिस्टेरियासारखे जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतात. पिशवीतल्या हवेने असा जंतू मरत नाही. फळ ताजं दिसतं म्हणून ते सुरक्षित आहे असं चिरलेल्या फळात मुळीच धरू नका. चिरलेलं सतत थंड हवं आणि तारखेच्या आत संपवायचं.

जांभळी पुडी पोटॅशियम परमँगनेटची. फळं इथिलीन सोडतात, त्याने शेजारची फळं लवकर पिकतात. पुडीतले दाणे ते इथिलीन शोषतात. जांभळ्याचे तपकिरी झाले की पुडीचं काम संपलं. पुडी फोडू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

घरी अंजीर आणलं तर न धुता, एका थरात, कागद घातलेल्या डब्यात, फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवा. धुवायचं ते खाताना.

---

हिरवी_वाट

सगळं पटतं, पण प्लास्टिकचं काय? फळ चार दिवस वाचवायला चारशे वर्षं टिकणारा कचरा करायचा का? विघटनशील फिल्म वापरता येत नाही?

---

दिवेघाट

@हिरवी_वाट, प्रश्न रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही. मक्यापासून बनणाऱ्या पीएलए फिल्ममधून पाण्याची वाफ पॉलिथिनपेक्षा कितीतरी जास्त निघून जाते. काही फळांना त्याने आत थेंब साचत नाहीत हा फायदा, पण डाळिंबासारख्या फळाला तोटाच. अंजिरासाठी छिद्रांची पीएलए फिल्म करून बघण्यासारखी आहे असं माझं मत आहे. आज लगेच करता येईल असं म्हणाल तर दोन गोष्टी: अनेक थरांची मिश्र फिल्म टाळून एकाच जातीच्या प्लास्टिकची घ्यावी, म्हणजे ती पुन्हा वितळवता येते. आणि ताईंनी सांगितलेली पॅलेटची पिशवी, कारण ती गोदामात एकाच जागी गोळा होते, घरोघरच्या कचऱ्यात जात नाही. उकिरड्यावर जाणाऱ्या अंजिरामागेही पाणी, खत, मजुरी गेलेली असते, तेही याच हिशोबात धरावं लागेल.

---

गुऱ्होळी_शिवार

दादा, आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. शीतगृह नाही, पण एक लहान कोल्ड रूम भाड्याने मिळतीय, 2-3 अंशापर्यंत जाते. मुंबईला माल रीफरने पाठवायचा, साधा टेम्पो नको हे आता कळलं. सुरुवात कशी करावी? सगळा माल एकदम पिशवीत घालू का?

---

दिवेघाट

@गुऱ्होळी_शिवार, सगळा माल एकदम मुळीच नको. एकाच दिवशी, एकाच बागेतून तोडलेल्या फळाचे तीन भाग करा. एक नुसतं थंड केलेलं, एक थंड करून सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत, एक थंड करून पिशवीत वायू भरलेलं. तिसऱ्यासाठी सिलिंडर, रेग्युलेटर आणि सीलर लागेल. वायू खाद्यपदार्थांच्या दर्जाचाच घ्या. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, बंद कोल्ड रूममध्ये जमिनीलगत साठतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून वायू भरायचं काम कोल्ड रूमच्या बाहेर, खेळत्या हवेत करा आणि सिलिंडरही बाहेरच ठेवा. हे गटातल्या प्रत्येकाला समोर बसवून सांगा.

फळाचा गाभा थंड झाला का ते सुईच्या थर्मामीटरने देठाजवळून टोचून बघा, खोलीच्या भिंतीवरचा आकडा धरू नका. तिन्ही भागांचं रोज वजन करा, उकललेली आणि बुरशी लागलेली फळं मोजा, आणि चव घ्या. चव घेणं कुणी करत नाही आणि अंजिरात तीच आधी बिघडते. प्रत्येक वेळी प्रत्येक भागातली एक पिशवी खोलीबाहेर आणून एक दिवस उघडून ठेवा, कारण गिऱ्हाईकाकडे फळ तसंच राहणार आहे.

---

गुऱ्होळी_शिवार

आणि पिशवीत आत वायू किती झालाय ते कसं कळायचं? डोळ्याला तर काहीच दिसत नाही.

---

दिवेघाट

त्यासाठी सुईचं गॅस अ‍ॅनालायझर मिळतं. पिशवीवर रबरी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, त्यातून सुई आत घालायची, म्हणजे सुई काढल्यावर भोक उघडं राहत नाही. यंत्र ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही दाखवतं. यंत्र महाग आहे, गटाने मिळून घ्या किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या अन्नतंत्र विभागात विचारा.

आकडे असे वाचायचे. चार-पाच दिवसांनीही ऑक्सिजन 21 आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास 0 आला तर सील गळतंय, पिशवी असून नसल्यासारखी. सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत ऑक्सिजन 6 आणि कार्बन डायऑक्साइड 15 च्या आसपास असेल तर काम फत्ते. ऑक्सिजन 2 च्या खाली दिसला तर ती पिशवी लगेच उघडा आणि आधी कोल्ड रूमचं तापमान तपासा. तापमान बरोबर असेल तर पिशवीत फळ जास्त भरलंय किंवा छिद्रं कमी आहेत. पहिल्या तोडणीचे आकडे आले की इथेच टाका, तापमानासकट. पुढच्या तोडणीला छिद्रं किती हवीत ते त्यावरून काढून देतो.